आरसा नसलेला कॅमेरा निवडताना

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या आत्याबाईंनी, वय वर्षे ८८, रेवदंड्याच्या घराची, तेथील माणसांची आणि इस्रायलला येण्याच्या प्रवासाची हकीकत एकदाची सांगावयाचे कबूल केले. घरात नवाकोरा कॅमेरा होता. तो तिवईवर चढविला, बटण दाबले आणि मी समोर बसून ऐकत राहिले. आत्याबाई पाऊण तास बोलल्या. संध्याकाळी पाहते तो चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबलेले! मुंबई सोडेपर्यंतची हकीकत आहे, त्यापुढची नाही. शिवाय जे आहे त्यात पंख्याची घरघर त्यांच्या आवाजाहून मोठी. "राहिलेले सणानंतर पुन्हा सांगेन हो," असे त्या म्हणाल्या होत्या. तो योग आला नाही.

दुकानदाराने मला फसविले नव्हते. निवड माझी होती, आणि ती करताना मी केवळ छायाचित्रांचा विचार केला होता. तेव्हापासून अनेक परिचित मंडळी कॅमेरा घेण्यापूर्वी मला विचारू लागली आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या अर्ध्या तासाविषयी. तीस मिनिटे वा त्याहून अधिक वेळ चित्रण करू शकणाऱ्या यंत्राला युरोपीय संघात व्हिडिओ कॅमेरा समजून जादा जकात लावीत असत. ती चुकविण्यासाठी कारखानदारांनी यंत्रातच एक सेकंद कमी अशी मर्यादा घातली. नव्या कॅमेऱ्यांपैकी बऱ्याच जणांत ती आता नाही. परंतु जुने घेताना हा प्रश्न अवश्य विचारावा.

आता 'आरसा नसलेला' म्हणजे काय? पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यात लेन्समागे तिरपा आरसा असे. तो प्रकाश वर डोळ्याकडे वळवी आणि कळ दाबताच टपकन वर उचलला जाई. त्या आरशाला जागा लागे, म्हणून लेन्स पडद्यापासून दूर ठेवावी लागे. पॅनासॉनिकने २००८ साली जी१ हा कॅमेरा काढला, त्यात आरसाच काढून टाकला. ओलिम्पसच्या जुन्या फोर थर्ड्स पद्धतीत लेन्सची बैठक पडद्यापासून ३८.६७ मिलिमीटरवर होती. मायक्रो फोर थर्ड्स या नव्या पद्धतीत ती १९.२५ वर आली, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. कॅमेरा लहान झाला तो या हिशेबाने. गंमत अशी की त्या पहिल्या जी१ला चलत्चित्रण मुळीच येत नव्हते! ते पुढच्या वर्षीच्या जीएच१मध्ये आले.

लहानपणाची किंमत मात्र मोजावी लागते. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ गुणिले १३ मिलिमीटरचा. ३६ गुणिले २४च्या पूर्ण आकाराच्या सेन्सरचा, क्षेत्रफळाने, जेमतेम चौथा हिस्सा. मंद प्रकाशात चित्रात दाणे लवकर दिसतात, आणि मागची भिंत धूसर करून चेहरा उठावदार करणे अवघड जाते. उलट २५ मिलिमीटरची चिमुकली लेन्स येथे ५० मिलिमीटरइतकेच दृश्य दाखविते आणि खिशात मावते. सोनी व फुजीफिल्म यांचा मधल्या आकाराचा सेन्सर अनेकांना सुवर्णमध्य वाटतो. माझे स्वतःचे मत असे की बसलेल्या माणसाचे बोलणे टिपावयाचे असेल तर सेन्सरपेक्षा खिडकीजवळची खुर्ची अधिक उपयोगी.

खरी मेख लेन्सच्या बैठकीत, म्हणजे माउंटमध्ये आहे. कॅमेरा पाच-सात वर्षांत जुना होतो, लेन्स वीस वर्षे चालते. म्हणून कॅमेऱ्याला नव्हे, त्याच्या घराण्याला पसंती द्यावी. निकॉनने २०११ साली 'निकॉन १' मालिका काढली आणि २०१८ साली बंद केली. कॅननची २०१२ची ईओएस एम मालिका २०२३ साली संपली, आणि तिच्या लेन्सेस कॅननच्या नव्या आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर बसत नाहीत. सॅमसंगने तर या धंद्यातूनच अंग काढून घेतले. मायक्रो फोर थर्ड्सला पहिल्यापासून दोन कंपन्यांचा आधार आहे. ओलिम्पसचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय जानेवारी २०२१मध्ये ओएम डिजिटल सोल्युशन्सकडे गेला, तरी जुन्या लेन्सेस नव्या कॅमेऱ्यांवर पूर्ववत बसतात, आणि पॅनासॉनिकच्यावरही.

आवाजाकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. पुष्कळ लहान कॅमेऱ्यांना बाहेरच्या माईकची वायर जोडण्याचे भोकच नसते: ओलिम्पसच्या ई-एम१० मालिकेला नाही, सोनीच्या २०१४च्या ए६०००ला नाही. दुसरीकडे, सोनीच्या २०२१च्या झेडव्ही-ई१०ला माईकची सोय आहे, पण डोळा लावून पाहावयाची काच नाही. दिमोनाच्या भर दुपारी मागच्या पडद्यावर स्वतःच्या कपाळाखेरीज काही दिसत नाही, हे अनुभवाचे बोल आहेत! आणखी एक आपल्याकडची अडचण म्हणजे धूळ. आरसा नसल्यामुळे लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. खमसीनच्या दिवशी घराबाहेर लेन्स बदलू नये. अमेरिकेतील नातलगांकडून कॅमेरा मागविणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तेथील विजेची आवर्तने ६० आणि आपली ५०. काही जुन्या अमेरिकी प्रतींत सेकंदाला २५ फ्रेम हा पर्यायच नसतो आणि घरातल्या दिव्यांखाली चित्र लुकलुकते. शटर पन्नासांश सेकंदावर ठेवले की बहुधा थांबते.

सरतेशेवटी मी पॅनासॉनिकचा २०१६चा जी८० हा कॅमेरा वापरलेला असा घेतला. वजन बॅटरीसह सुमारे अर्धा किलो. काच आहे, माईकची सोय आहे, हात थरथरला तरी चित्र स्थिर राहते. दोषही सांगते: चलत्चित्रणात त्याचा फोकस मधूनच डळमळतो. चेहऱ्याचा अचूक पाठलाग करणारी नवी पद्धत पॅनासॉनिकने या माउंटमध्ये २०२३च्या जी९ दुसऱ्या आवृत्तीपासून आणली. नातवंडांमागे धावणाऱ्याने तोच किंवा सोनी पाहावा. माझी माणसे खुर्चीवरून उठत नाहीत. मी फोकस हाताने लावून ठेवते. अर्ध्या तासाची मर्यादा माझ्या प्रतीलाही आहे, म्हणून स्वयंपाकघरातले घड्याळ २५ मिनिटांवर लावते आणि ते वाजले की चहा करते.

बोलणाऱ्याच्या खिशात वेगळे ध्वनिमुद्रण यंत्रही ठेवते, न जाणो माईकने दगा दिला तर. दोन्ही ध्वनी मागाहून जुळावेत म्हणून आरंभी एकदा मोठ्याने टाळी वाजवावी लागते. परवा मामांना बसविले, पंखा बंद केला, टाळी वाजविली. मामा चकित होऊन म्हणाले, "अगं, मी अजून तोंड उघडले नाही, आणि तू टाळ्या कसल्या वाजवतेस?" तेवढे वाक्य अगदी स्वच्छ आले आहे.