ताणाचा निकाल कुणाच्या हाती?

जपानमध्ये जिथे 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत, तिथे वर्षातून एकदा प्रत्येकाला प्रश्नांची एक यादी दिली जाते. बहुतेक ठिकाणी ती आरोग्य मंत्रालयाने सुचवलेलीच असते, 57 प्रश्नांची. 1 डिसेंबर 2015 पासून ही ताणतपासणी घेणं मालकावर बंधनकारक आहे. कर्मचाऱ्यावर मात्र ती भरण्याची सक्ती नाही. नाही भरली, तर त्याबद्दल त्याला जाबही विचारता येत नाही.

आपल्याकडे कामाच्या ताणाची अशी सक्तीची तपासणी नाही. 2024 मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीतल्या तरुणीच्या मृत्यूनंतर या विषयावर चार दिवस भरपूर बोललं गेलं, आणि मग नेहमीप्रमाणे शांत झालं. जपानने हा प्रश्न कायद्यात कसा बसवला, तो कुठे बसला आणि कुठे अडला, हे म्हणून जरा सावकाश पाहू.

यादीतले पहिले 17 प्रश्न कामाबद्दल आहेत. खूप काम करावं लागतं का, वेळेत उरकतं का, स्वतःच्या वेगाने करता येतं का, कामाच्या पद्धतीत तुमचं मत विचारात घेतात का. पुढचे 29 प्रश्न गेल्या महिन्याभरातल्या तब्येतीबद्दल. त्यातले काही मनाचे आहेत: चिडचिड, मरगळ, काहीही करायचा कंटाळा. काही सरळ अंगदुखीचे आहेत: मान आखडणं, कंबर दुखणं, पोट बिघडणं, झोप न लागणं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. ‘मला नैराश्य आहे’ असं कागदावर लिहायला जो कधीच धजणार नाही, तो ‘मान दुखते’ यावर बिनदिक्कत खूण करतो. त्यानंतर नऊ प्रश्न आधाराचे: साहेबाशी, सहकाऱ्यांशी आणि घरच्यांशी किती मोकळेपणाने बोलता येतं, अडचणीत त्यांच्यावर किती भिस्त ठेवता येते. शेवटचे दोन समाधानाबद्दल, एक कामातलं आणि एक घरातलं.

प्रत्येक उत्तराला 1 ते 4 गुण. मंत्रालयाच्या मार्गदर्शिकेतल्या सोप्या पद्धतीनुसार तब्येतीच्या 29 प्रश्नांची बेरीज 77 किंवा वर गेली, की माणूस ‘उच्च ताण’ गटात जातो. ती 63 किंवा वर असेल आणि काम व आधार यांची बेरीजही 76 किंवा त्याच्या पुढे असेल, तरीही तो याच गटात येतो. म्हणजे अजून पुरता आजारी पडलेला नाही, पण काम जड आणि पाठीशी कुणी नाही, अशा माणसालाही हे गणित हेरतं.

पण या व्यवस्थेचा खरा जीव प्रश्नांत नाही, निकालात आहे. तपासणी घेतात डॉक्टर, आरोग्य परिचारिका किंवा त्यासाठी प्रशिक्षण घेतलेले मानसतज्ज्ञ वगैरे. ज्याच्या हातात बढती, बदली किंवा नोकरीवरून काढण्याचा थेट अधिकार आहे, त्याला या कामात हात घालायला मनाई आहे. निकाल थेट कर्मचाऱ्याला मिळतो. त्याच्या संमतीशिवाय मालकाला तो पाहता येत नाही. मालकाला फार तर विभागवार गोळाबेरीज मिळते. तीही विभागात दहापेक्षा कमी माणसं असतील तर साधारणपणे देत नाहीत, कारण मग कोण काय म्हणालं हे ओळखायला वेळ लागत नाही.

मालकाची जबाबदारी ठरली त्यामागे न्यायालयांतली बरीच झुंज आहे. देन्त्सू ही जपानमधली सर्वांत मोठी जाहिरात कंपनी. 1990 मध्ये तिथे लागलेल्या एका तरुणाने सतत रात्ररात्र काम केलं आणि 1991 च्या ऑगस्टमध्ये, 24 व्या वर्षी, आत्महत्या केली. आईवडील न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने कंपनीला दोषी धरलं, पण भरपाई कापली: मुलगा स्वभावानेच अति कामसू होता, काम अंगावर ओढून घ्यायचा, आणि घरच्यांनीही लक्ष द्यायला हवं होतं, असा तो हिशेब. 24 मार्च 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कपात चूक ठरवली. माणसामाणसांत स्वभावाचा जेवढा फरक असतोच, तेवढा धरूनच मालकाने काम नेमून द्यायचं असतं, त्यामुळे कामसूपणाचा ठपका मेलेल्यावर ठेवता येणार नाही. थकवा आणि मनावरचा भार साचून कर्मचाऱ्याची तब्येत ढासळणार नाही याची काळजी घेणं मालकाचं कर्तव्य आहे, हे तत्त्व याच निकालाने पक्कं केलं.

बरोबर 14 वर्षांनी, 24 मार्च 2014 ला, तोशिबाच्या एका महिला अभियंत्याच्या खटल्यात याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. ती मानसोपचार घेत होती आणि तिने ते कंपनीला सांगितलं नव्हतं. खालच्या न्यायालयाने त्यासाठी भरपाई कमी केली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अशी गोष्ट माणूस कामाच्या ठिकाणी लपवणारच, कारण तिचा परिणाम नोकरीवर होतो. तिने सांगितलं नाही म्हणून मालक सुटत नाही. डोळ्यांसमोर तब्येत खालावताना दिसत असेल, तर न विचारताही काम हलकं करायला हवं. मालकाच्या जबाबदारीबद्दल मी वाचलेल्यांत याहून नेमका निकाल मला आठवत नाही.

आता तपासणीत गुण जास्त आलेल्या माणसाचं पुढे काय होतं? त्याला डॉक्टरची भेट मागता येते. त्याने मागितली की साधारण महिनाभरात ती घडवून आणणं मालकाला भाग आहे. भेटीनंतर मालकाने डॉक्टरचं मत घ्यायचं आणि गरज असेल तसा बदल करायचा: जादा वेळ बंद, रात्रपाळी कमी, कामाची जागा बदलणं. भेट मागितली म्हणून त्याला त्रास देता येत नाही.

ऐकायला छान आहे, पण गाडी इथेच अडते. भेटीचा अर्ज मालकाकडे करावा लागतो. अर्ज केला की तुम्ही उच्च ताण गटात आहात हे त्याला आपोआप कळतं. इतक्या काटेकोरपणे झाकून ठेवलेला निकाल मदत मागण्याच्या पायरीवर कर्मचाऱ्याने स्वतःच्या हाताने उघडा करायचा! साहजिकच उच्च ताण असलेल्यांपैकी फार थोडे भेट मागतात. लोक लपवणारच हे न्यायालयाने ओळखलं, आणि कायद्याने मदतीचं दार नेमकं सांगणाऱ्यापुरतंच उघडं ठेवलं. हा दोष किरकोळ नाही.

जादा तासांचा रस्ता वेगळा आहे. महिन्याला 80 तासांहून जास्त जादा काम झालं आणि थकवा साचला असेल, तर त्या कारणानेही डॉक्टरची भेट मागता येते. आजार झालाच आणि तो कामामुळे झाल्याचा दावा असेल, तर सरकारी कामगार विम्याचे अधिकारी आजाराच्या आधीच्या साधारण सहा महिन्यांतले प्रसंग तपासतात आणि प्रत्येकाचा भार हलका, मध्यम की तीव्र हे ठरवतात. आधीच्या एका महिन्यात 160 तास जादा काम, एवढी एकच गोष्ट ‘तीव्र’ ठरायला पुरते.

कामामुळे की खासगी, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आजार कामामुळे ठरला, तर उपचाराच्या रजेत आणि त्यानंतर 30 दिवस सहसा कामावरून काढता येत नाही. खासगी ठरला, तर आरोग्य विम्यातून चौथ्या दिवसापासून पगाराच्या सुमारे दोन तृतीयांश रक्कम मिळते, एकूण दीड वर्षापर्यंत. पण नोकरी टिकते ती कंपनीच्या नियमांत जेवढी रजा लिहिली असेल तेवढीच.

परत कामावर येण्यासाठी मंत्रालयाची पाच टप्प्यांची मार्गदर्शिका आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरने ‘बरा आहे’ म्हटलं की लगेच खुर्चीवर बसवायचं नाही, हे तिचं मुख्य सूत्र. घरात वावरण्याइतकं बरं होणं वेगळं आणि रोज लोकल पकडून आठ तास काम करणं वेगळं. म्हणून काही ठिकाणी आधी नुसती ऑफिसपर्यंत ये-जा करून पाहतात. सुरुवात शक्यतो जुन्याच जागी, कारण नवी माणसं आणि नवं काम हा आणखी एक ताण. पण जुना साहेबच मूळ कारण असेल, तर अर्थातच जागा बदलायची.

दंडाचं काय? तपासणी न घेण्याला दंडच नाही. तिचा अहवाल कामगार कार्यालयाला न देण्याला आहे, कमाल पाच लाख येन. 2015 च्या डिसेंबरमध्ये देन्त्सूमधल्याच आणखी एका तरुण कर्मचारी मुलीने आत्महत्या केली. बेकायदा जादा कामाबद्दल 2017 मध्ये न्यायालयाने कंपनीला दंड केला, तोही पाच लाख येनच. तेव्हाच्या दराने तीन लाख रुपयांच्या आसपास. एवढ्या रकमेने अशी कंपनी सुधारते असं कुणी म्हणत असेल, तर मला ते पटत नाही. कंपन्यांना भीती वाटते ती दिवाणी दाव्यांची आणि बदनामीची.

आणखी एक मोठं भोक होतं. 50 ची मोजणी कंपनीची नसून कामाच्या एकेका जागेची. वीस-वीस माणसांची दहा दुकानं असलेली कंपनी त्यातून सहज सुटायची. 2025 च्या मे महिन्यात कायदा बदलून छोट्या जागांनाही ही सक्ती लागू करायचं ठरलं आहे आणि अंमलबजावणीसाठी तीन वर्षांची मुदत आहे.

पुण्यात जपानी शिकून तिकडे नोकरीला जाणारी मराठी मुलं-मुली आता कमी नाहीत. त्यांना एवढंच सांगणं: ही यादी समोर आली तर खरी भरा आणि निकाल स्वतःजवळ जपून ठेवा. मालकाला कळू न देता बोलायचं असेल, तर रीतसर भेटीऐवजी कंपनीच्या आरोग्य कक्षात साधा सल्ला मागता येतो का, ते आधी विचारा. मंत्रालयाच्या ‘कोकोरो नो मिमी’ या सेवेवर फोनवरही बोलता येतं. त्यासाठी कंपनीत कुणाकडे अर्ज करावा लागत नाही.