बाणाचें फळ कसें निवडावें?

आपल्या देशांत हरणांच्या शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे. अमेरिकेंत मात्र ती नियमानुसार चालते. विस्कॉन्सिन राज्यानें तर १९३४ सालींच धनुर्धरांकरितां हरणांच्या शिकारीचा निराळा हंगाम ठरविला. तेथील शिकाऱ्यापुढें पहिला प्रश्न असतो तो बाणाच्या फळाचा, म्हणजे टोंकावरील धारदार पात्याचा.

बंदुकीच्या गोळीचा वेग प्रचंड. तिच्या आघातानें आसपासचें मांसही छिन्नभिन्न होतें. बाणाचें सामर्थ्य कापण्यांत आहे. महाभारतांत ‘क्षुरप्र’ नांवाचे बाण येतात. क्षुर म्हणजे वस्तरा. वर्मीं लागलेल्या धारदार पात्यानें रक्तवाहिनी तुटली कीं हरिण लवकरच कोसळतें. बोथट पातें मात्र ती बाजूस सारतें. मग जखमी जनावर रानांत निसटून तळमळत राहतें. म्हणून फळाची निवड ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे.

१९११ सालीं कॅलिफोर्नियांतील ऑरोव्हिल गांवीं इशी नांवाचा याही जमातीचा अखेरचा पुरुष आढळला. त्याच्यापासून डॉ. सॅक्सटन पोप धनुर्विद्या शिकले. इशी ज्वालामुखींतील काळ्या कांचेचीं टोंकें घडवी. तीं विलक्षण तीक्ष्ण, परंतु ठिसूळ. पोप यांनीं पोलादाचीं पातींही वापरलीं. तीक्ष्णता आणि टिकाऊपणा यांचा हा झगडा आजही चालू आहे.

बाजारांत मुख्यतः तीन तऱ्हा मिळतात. पहिलींत पातें अढळ असतें. तें पुनःपुनः धार लावून वर्षानुवर्षें वापरतां येतें. दुसरींत पातीं बदलतां येतात. धार लावण्याचा त्रास वांचतो, परंतु पातळ पातीं हाडावर वांकतात किंवा तुटतात. तिसरींत मिटलेलीं पातीं लक्ष्यावर आदळतांच उघडतात. अशा बाणाचें उड्डाण सरळ होतें व जखम रुंद पडते. पण पातीं उघडण्यांत बाणाची कांहीं शक्ति खर्च होते. ज्याचें धनुष्य हलकें, त्यानें या तऱ्हेच्या वाटेस जाऊं नये.

रुंदीचा मोहही आवरावा. कित्येक राज्यांच्या नियमांत किमान रुंदी ७/८ इंच असते. पातें त्याहून फार रुंद असेल तर तें खोल शिरत नाहीं. हॉवर्ड हिल या विख्यात धनुर्धराचा दंडक असा कीं, पात्याची लांबी रुंदीच्या तिप्पट असावी. पोलाद अति कडक असेल तर तुटतें, अति मऊ असेल तर वांकतें व धार धरीत नाहीं. म्हणून मध्यम कडक, जाड पातें पाहावें.

फळाचें वजन बहुधा १०० किंवा १२५ ग्रेन, म्हणजे सुमारें ६.५ ते ८ ग्रॅम असतें. सरावाचें टोंकही तितक्याच वजनाचें असावें. तरीसुद्धां हंगामापूर्वीं खऱ्या फळानेंच नेम धरून पाहावें. कारण रुंद पातें वारा धरतें आणि बाण भलतीकडे नेतें. बाण टोंकावर उभा करून फिरवावा. फळ डगमगलें तर तें पुन्हां नीट बसवावें.

शेवटीं, धार गेलेलें पातें भात्यांत ठेवूं नये. शिकाऱ्याच्या आळसाची किंमत मुक्या जनावरास मोजावी लागते.