बर्फ वितळतो म्हणून मासळी टिकते

वेसाव्याच्या बंदरातून होडी निघण्याआधी तिच्या पोटात डिझेलइतक्याच काळजीने बर्फ भरतात. माणसाहून जड लादी यंत्रात ढकलली की खडखडाट होऊन पलीकडे चुरा पडतो. फुटण्याआधी लादी निरखून पाहावी : कडा काचेसारख्या नितळ, गाभा मात्र दुधट. कारखान्यात मिठाच्या गार पाण्याच्या हौदात उभ्या डब्यांतले पाणी कडेकडून आत गोठत जाते आणि गोठताना हवा, क्षार मध्याकडे लोटते. ध्रुवाजवळचा समुद्रही गोठताना मीठ असेच बाहेर टाकतो. मग ते खारे, जड, गार पाणी तळाशी उतरते आणि प्राणवायू खोलवर नेते.

बर्फ वितळला म्हणजे पैसे पाण्यात गेले, असे वाटणे साहजिक आहे. पण वितळणे हेच त्याचे काम. शून्य अंशाचा 1 किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता गिळतो, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापले असते. 30 अंशांवरची 1 किलो मासळी शून्यावर आणायला हिशेबाने एक तृतीयांश किलो बर्फ पुरतो. तरी आपल्या उष्ण हवेत किलोला किलो घालावा लागतो, कारण उरलेला बर्फ बाहेरून झिरपणाऱ्या उष्णतेशी झगडत असतो. यावर कोणी म्हणेल, मग शीतपेटीच का नको? पेटीतली कोरडी हवा मासळी सुकवते आणि सावकाश गार करते. चुरा मात्र बोंबलासारख्या पाणीदार, नाजूक मासळीला चहूबाजूंनी भिडतो, वितळलेले पाणी तिचा बुळबुळीतपणा धुऊन नेते आणि ती शून्याखाली जात नाही, म्हणून मांस गोठून फाटत नाही.

या गुणातच एक धोकाही आहे. चुरा शिल्लक असेपर्यंत तापमापीचा काटा शून्याजवळच राहतो, आत कितीही उष्णता शिरत असली तरी. बर्फ संपला की काटा झपाट्याने चढतो. हिमालयातल्या हिमनद्या किंवा ध्रुवाचा बर्फ अजून आहे, म्हणून सारे ठीक आहे, हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही. उन्हाळ्यात वितळलेले हिवाळ्यात भरून निघाले तरच तो साठा. नाहीतर ती नुसती उधळण. होडीवर तांडेल काट्याकडे पाहत बसत नाही, उरलेला चुरा मोजतो आणि त्यावरून परतायचे ठरवतो. बाजारात आपणही तेच पाहावे : बर्फावर मांडलेली नव्हे, बर्फात पुरलेली मासळी घ्यावी.