लेकीची कमाई आणि वडिलांचा टॅक्स

आमची लेक सोळा वर्षांची, अकरावीत शिकते. हात चांगला आहे तिचा. गेल्या नवरात्रात चांदवडच्या रेणुकामातेच्या दर्शनाला माहेरवाशिणी आल्या, तेव्हा गल्लीतल्या दोघीचौघींच्या हातांवर तिने मेंदी काढली. ती पाहून लग्नघरांतून बोलावणी येऊ लागली. शिवाय संध्याकाळी दोन लहान मुलांची शिकवणी असतेच. मिळालेले पैसे ती माझ्या हातात देई आणि मी ते बिस्किटांच्या डब्यात टाकी. त्याच डब्यातून मग कधी दूधवाल्याचे बिल, कधी गॅसचे. चिल्लर तर आहे, असे मी मनाशी म्हणे.

मार्चअखेरीस तिने आपली वही माझ्यापुढे धरली. पै न् पै लिहून ठेवलेली! बेरीज २६,४०० रुपये. डब्यात मात्र निघाले नऊ हजार. मी अगदी ओशाळले. त्यावर तिचा प्रश्न, "आई, एवढ्यावर मला इन्कम टॅक्स बसतो का गं?"

"पोरांना कसला आलाय टॅक्स!" हे पेपरातून डोके न काढता म्हणाले. शेजारच्या काकू त्याही पुढच्या. "मुलांच्या नावावर पैसे टाकावेत, म्हणजे करच बसत नाही," हा त्यांचा ठाम सल्ला. मी शाळेत अर्धवेळ नागरिकशास्त्र शिकवते, पण मलाही उत्तर येईना. शेवटी यांच्या सी. ए.ना गाठले. त्यांच्याकडून जे कळले, ते मैत्रिणींनो, तुमच्याही उपयोगी पडेल.

कष्टाचा पैसा मुलाचा

पहिली गोष्ट, प्राप्तिकराला वयाची अट नाही. अठराच्या आतले मूल कायद्याने अज्ञान. पण त्याच्या पैशाचे कायदा दोन भाग करतो. अंगमेहनतीने किंवा अंगच्या कलेने, कौशल्याने, ज्ञानाने मिळवलेला पैसा मुलाचा स्वतःचा. मेंदी, शिकवणी, गाणे, नाटक-सिनेमातले काम, सुटीत दुसऱ्याच्या द्राक्षबागेत केलेली मजुरी, सगळे यात आले. सचिन तेंडुलकर १९८९ साली कराचीत पहिली कसोटी खेळला तेव्हा सोळाच वर्षांचा होता. आज एखादे मूल तसे खेळले, तर त्याचे मानधन या नियमाने त्याचेच धरले जाईल, आईवडिलांचे नव्हे.

नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. तेव्हा आमच्या लेकीला कर नाही आणि विवरणपत्रही नाही. कमाई त्यापुढे गेली तर मात्र मुलाच्या नावाने विवरणपत्र भरावे लागते, त्यावर सही पालकाची. पॅनकार्ड लहान मुलाचेही निघते. त्यावर फोटो आणि सही नसते, अठरा पूर्ण झाल्यावर ते अद्ययावत करून घ्यायचे.

नावावरचा पैसा आईवडिलांचा

आता काकूंची युक्ती. मुलाच्या नावावरच्या ठेवीचे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. पूर्वी मुलांच्या नावे पैसे वाटून कर वाचवणारे पुष्कळ होते. १९९२ च्या वित्त कायद्याने ती वाट बंद केली. २०२५ साली संमत झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही हा नियम ठेवला आहे. कायद्यात सांगितलेले गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाला मात्र तो लागू नाही.

गंमत अशी, की मेंदीचे पैसे लेकीचे, पण तेच बँकेत ठेवले तर त्यांचे व्याज वडिलांच्या खाती! जुन्या करपद्धतीत प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांपर्यंत सूट मिळते, नव्या पद्धतीत तीही नाही. नव्या पद्धतीत साधारण बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, म्हणून पुष्कळ घरांना याची झळ बसत नाही. पण आमचे हे जुन्या पद्धतीने भरतात. सासूबाईंनी नातीच्या नावे ठेवलेल्या लाखाचे व्याज यांनी कधी दाखवलेच नव्हते. बँकेने कर कापला नाही म्हणजे तो लागतच नाही, ही यांची समजूत. सी. ए.नी मागची विवरणपत्रे दुरुस्त करायला लावली, थोडा भुर्दंडही बसला. हे दोन दिवस गप्पच होते.

एवढे लक्षात ठेवा

मुलाच्या कमाईची वही ठेवा. तारीख, काम, रक्कम, कोणी दिली, एवढे लिहिले तरी पुरे. कष्टाचे पैसे आणि भेटीची ठेव एका खात्यात मिसळू नका.

मुलाच्या नावे जमीन असेल, तर तिच्यातल्या कांद्याचे पैसे हे शेतीचे उत्पन्न, त्यावर प्राप्तिकर नाही. दुसऱ्याच्या शेतात कांदे काढून मिळालेले पैसे मात्र मजुरी.

मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत सुकन्या समृद्धी खाते उघडा. त्याचे व्याज करमुक्त आहे.

मूल ज्या दिवशी अठरा पूर्ण करते, तेव्हापासूनचे व्याजही त्याचे स्वतःचे.

आणि कायद्याची आणखी एक बाजू. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावायला तेवढी मोकळीक आहे. चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याची कामे देता येत नाहीत.

हे सगळे ऐकून घरी आले, तेव्हा कर वाचल्याचा आनंद काही झाला नाही. सरकारसुद्धा ज्या पैशाला "हा पोरीचा" म्हणते, तो मी न विचारता दूधवाल्याला देऊन मोकळी झाले होते! लेकीच्या नावे बचत खाते उघडले. डब्यातले नऊ हजार त्यात भरले. उरलेले १७,४०० मी माझ्या पगारातून दरमहा १,४५० प्रमाणे वर्षभरात फेडणार आहे.

पहिला हप्ता दिला तेव्हा ती हसून म्हणाली, "अगं आई, राहू दे ना." पण वही काढून तारीख घालून लिहिलेच, "आईकडून जमा."