टाकी फुल, पत्र गायब

पेट्रोल पंपावर नोझलचा 'खट्ट' आवाज झाला की गाडीच्या पुस्तकाप्रमाणे भरणं तिथंच थांबायला हवं. आपल्याकडं खरा कार्यक्रम तिथून पुढं सुरू होतो. आकडा कुठंतरी १,९६३ वर अडकलेला असतो. गाडीवाला खिडकीतून म्हणतो, "राउंड फिगर कर." पंपावरचा पोरगा नोझल जरा वर उचलतो, बोटाच्या दाबावर थोडं थोडं सोडतो, गाडी दोनदा हलवून टाकीतली हवा काढतो आणि दोन हजार पुरे करतो. मग जालन्याच्या अंबड चौफुलीवरून निघालेली गाडी गांधी चमनपर्यंत येईस्तोवर मागं बसलेल्या आजी नाकाला पदर लावतात. "पेट्रोल सांडलं का रे?" सांडलेलं नसतं. निदान बाहेर तरी नाही.

हा वास एकदा थेट कंपनीच्या निवेदनात छापून आला होता. एप्रिल २०१४ मध्ये मारुती सुझुकीनं १,०३,३११ गाड्या तपासायला परत बोलावल्या. त्यात ४७,२३७ स्विफ्ट, ४२,४८१ डिझायर आणि १३,५९३ अर्टिगा होत्या, सगळ्या १२ नोव्हेंबर २०१३ ते ४ फेब्रुवारी २०१४ या काळात बनलेल्या. दोष होता फ्यूएल फिलर नेकमध्ये, म्हणजे झाकणापासून टाकीत उतरणाऱ्या नळीत. ऑटो कट-ऑफच्या पुढं इंधन भरलं तर वास येऊ शकतो, काही गाड्यांत गळतीही दिसू शकते, असं कारण दिलं होतं. कट-ऑफला निमूटपणे थांबणाऱ्या माणसाला हा दोष आयुष्यभर कळला नसता. राउंड फिगरवाल्यांना तो पहिल्याच भरण्यात कळणार. अख्खा महाराष्ट्र त्या नळीची रोज चाचणी घेत होता आणि त्याचा पगार मात्र कुणाला मिळत नव्हता.

त्या गाड्यांना आता दहा वर्षं उलटून गेली. पुण्या-मुंबईत वापरून झालेली गाडी मराठवाड्यात येते ती दुसऱ्या, तिसऱ्या हातात. कुंडलिका नदीच्या या बाजूला, जुन्या जालन्यात, अशा गाड्यांवर पोट असलेली गॅरेजं आहेत. त्यातल्या एका गॅरेजमध्ये माझं बसणं-उठणं असतं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणतो. इथून पुढचे किस्से बहुतेक त्यांच्या तोंडून ऐकलेले. ज्या गाड्यांचे आणि वर्कशॉपचे ते आहेत, त्यांची नावं त्यांनी घेतली आणि मी गाळली.

उस्तादांच्या पिढीला इंधनाचं दुखणं नवं नव्हतं. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असायचा. उन्हाळ्यात इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, कार्ब्युरेटर कोरडा पडायचा आणि गाडी गपकन बंद. याला व्हेपर लॉक म्हणायचे. मे महिन्यात बदनापूरच्या रस्त्याला बॉनेट उघडून उभी असलेली फियाट दिसली, की येणारा-जाणारा न विचारता पाण्याची बाटली पुढं करायचा. फडकं ओलं करून पंपावर ठेवायचं, एक विडी संपेपर्यंत थांबायचं (ती लांब जाऊन ओढायची, हे उस्ताद आवर्जून सांगतात), की गाडी चालू. मुरलेले ड्रायव्हर ते फडकं पंपावर कायमचं बांधूनच ठेवत. यावर कुणी कंपनीला जाब विचारल्याचं उस्तादांना आठवत नाही. दोष उन्हाचा आहे, हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं.

मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. मारुती ८०० सुद्धा २००० साली कार्ब्युरेटर सोडून एमपीएफआय झाली. पंप विजेवर चालू लागला आणि बहुतेक गाड्यांत तो थेट टाकीत जाऊन बसला. बऱ्याच गाड्यांत त्याच्यापर्यंत जायची वाट मागच्या सीटखाली असते. सीट उचलायची, झाकणाचे स्क्रू काढायचे, की खाली टाकीचं तोंड. चावी फिरवली की तिथून दोनेक सेकंद 'झूं' असा आवाज यायला हवा. उस्ताद आधी गाडीतलं गाणं बंद करायला लावतात, मालकाला गप्प करतात आणि कान सीटला लावतात. आवाज नसेल आणि फ्यूज, रिले ठीक असतील, तर गाडीखाली सरकून रबरी हातोड्यानं टाकीला हलकेच दोन टोले. अडकलेली मोटर कधीकधी सुटते आणि गाडी चालू होते. मालकाला वाटतं काम झालं. उस्ताद सांगतात, "घरी जाईपर्यंत झालंय भाऊ. उद्याचं मी बोललेलो नाही."

हा पंप पेट्रोलमध्ये बुडून राहतो आणि ते पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. जुनी गाडी घेणारा माणूस मात्र दोनशेचं, तीनशेचं पेट्रोल टाकणारा. काटा कायम रिझर्व्हवर, म्हणजे पंप अर्धा उघडा आणि तापलेला. गॅस किटवाल्यांची तर आणखी वेगळी तऱ्हा. गाडी गॅसवर पळते म्हणून टाकीत पेट्रोल नावापुरतंच, आणि किट बसवणाऱ्यानं पंपाची वायर तोडायची राहिली असेल तर आत पंप कोरडाच फिरत राहतो. असा जळालेला पंप घेऊन माणूस भांडायला येतो की कंपनीचा मालच खराब. तो खरंच खराब होता की आपण जाळला, हे ओळखायला पंप उघडून बघावा लागतो, आणि तेवढा वेळ काउंटरवर कुणाला नसतो.

माल खराब असल्याचेही पक्के दाखले आहेत. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुतीनं सुमारे एक लाख ए-स्टार परत बोलावल्या. पंपाच्या तोंडाशी बसणाऱ्या गॅस्केटमधून, टाकी काठोकाठ भरली तर, पेट्रोल झिरपण्याची शक्यता होती. या लाखात परदेशी गेलेल्या गाड्याही होत्या. युरोपात तीच गाडी निस्सान पिक्सो या नावानंही विकली जायची. मूळ काम म्हटलं तर एका रिंगचं. पण ही रिंग गल्लीत कशी बदलली जाते ते उस्तादांकडून ऐकावं. टाकीच्या तोंडावरची आटी फिरवायला लोखंडी छिन्नी लावली तर ठिणगी उडू शकते, म्हणून ते पितळेची वापरतात. त्यांच्याकडं शिकून वेगळं गॅरेज टाकलेल्या एका पोरानं मूळ रिंग मिळेना म्हणून सायकलच्या ट्यूबमधून रिंग कापून बसवली. पेट्रोलमध्ये ते रबर फुगलं, सैल पडलं आणि आठवड्यात गिऱ्हाईक वास घेऊन परत. "कंपनीनं एक चूक केली, यानं तिच्यावर दुसरी बसवली," उस्ताद म्हणाले. अशी गाडी नंतर वर्कशॉपमध्ये गेली तर तिथला माणूस ट्यूबचा तुकडा बघून हात वर करतो: बाहेर छेडछाड झाली आहे.

पंपाचा अलीकडचा घोळ जास्त मोठा आहे. २०२० च्या जुलैत मारुतीनं वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपासाठी बोलावल्या, मार्च २०२४ मध्ये याच दोन मॉडेलच्या आणखी सोळा हजारांच्या आसपास. होंडानं जून २०२० मध्ये ६५,६५१, एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ जुन्या गाड्यांचे पंप बदलायचं जाहीर केलं. होंडाच्या पंपात दोष होता तो पेट्रोल ढकलणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या चकतीत, इम्पेलरमध्ये. जगभर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत हेच दुखणं निघालं: चकती पेट्रोल शोषून फुगते, कडेला घासते, अडकते, आणि गाडी चालता चालता बंद पडते. चौकात बंद पडली तर लोक हॉर्न वाजवतात. समृद्धी महामार्गावर बंद पडली तर मागून काय येतंय यावर सगळं.

ऑक्टोबर २०२४ च्या त्या जाहीर निवेदनात एक बारीक ओळ होती. ९०,४६८ खेरीज आणखी २,२०४ गाड्या अशा होत्या, ज्यांच्यात हा सदोष पंप आधी सुटा भाग म्हणून बसवला गेला होता. मी ही बातमी उस्तादांना वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ हसले. दुखणं बदलून दुखणंच आणलं, आणि तेही नवं म्हणून!

आता गाडी परत बोलावल्याचं कळवणाऱ्या पत्राचं. एका वर्कशॉपमध्ये पूर्वी सर्व्हिस ॲडव्हायझर असलेला आमच्या ओळखीचा एक मुलगा आहे. कंपनीकडून चेसिस नंबरांची यादी यायची आणि त्यानं प्रत्येकाला फोन लावायचा. यादीतली नावं पहिल्या खरेदीदारांची. "गाडी विकली," एवढं बोलून समोरचा फोन ठेवायचा. हा शेऱ्याच्या रकान्यात 'विकली' लिहायचा आणि पुढच्या ओळीवर जायचा. गाडी विकली कुणाला, हे विचारायची सोय त्या रकान्यात नव्हती. विचारलं असतं तरी उत्तर मिळालं असतं याची खात्री नाही. पहिल्या मालकानं गाडी यार्डवाल्याला दिलेली, सोबत फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या. यार्डवाल्यानं ती जालन्याच्या माणसाला विकलेली. त्याच्या नावावर आरसी व्हायला वर्ष लागतं, आणि एमएच २१ च्या हद्दीत गाडी एमएच १२ च्या पाटीवर सुखानं फिरत असते. पत्र तोवर पुण्यातल्या कुठल्यातरी सोसायटीच्या वॉचमनकडं पडलेलं.

त्याच मुलानं सांगितलेली दुसरी गोष्ट: फुकटच्या कामाची मजुरी कंपनी वर्कशॉपला ठरलेल्या दरानं देते. शेजारच्या रॅम्पवर अपघाताची, विम्याचं मोठं बिल होणारी गाडी उभी असली की पंपवाल्याला "पार्ट आला की फोन करतो" हे उत्तर. पार्ट कधीकधी खरंच आलेला नसतो. कधीकधी मागं स्टोअरमध्ये असतो.

या परत बोलावण्याला 'रिकॉल' म्हणायलाही कंपन्यांच्या जिवावर येतं. आगी लागल्याच्या घटनांनंतर नोव्हेंबर २०१० मध्ये टाटा मोटर्सनं तोवर विकलेल्या ७० हजारांवर नॅनोंना मोफत जादा संरक्षक भाग बसवून द्यायचं ठरवलं, पण हा रिकॉल नव्हे, हेही बजावून सांगितलं. तेव्हा सक्ती करणारा कायदाच नव्हता. वाहन उद्योगाच्या संघटनेची २०१२ ची संहिताही ऐच्छिकच होती. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण तक्रारी ठरावीक संख्येच्या वर जमल्या तर, आणि गाडी सात वर्षांच्या आतली असेल तर. अमेरिकेत फुकट दुरुस्तीचा हक्क पंधरा वर्षं टिकतो.

माझी तक्रार इथंच आहे. आपल्याकडं गाडी सात वर्षांची होते तेव्हा जुन्या जालन्यात तिचं आयुष्य नुकतं सुरू झालेलं असतं. तक्रारी मोजायच्या त्या मालकांच्या, आणि तिसरा मालक तक्रार करतो ती उस्तादांकडं. एकाच मॉडेलचे किती पंप वर्षात गेले, हे उस्तादांना तोंडपाठ आहे. त्यांना विचारायला दिल्लीहून कुणी येत नाही. पत्राची भानगडही अवघड नाही. पीयूसी काढायला प्रत्येक गाडी येते, विमा दरवर्षी भरला जातो, आणि दोन्हीकडं गाडीचा नंबर संगणकावर पडतोच. 'या गाडीचा रिकॉल बाकी आहे' एवढी ओळ तिथं दाखवायला कुणाची हरकत असावी? ई-२० पेट्रोल आल्यापासून तर याची निकड वाढली आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, जुन्या रबरी नळ्या आणि सीलं त्यासाठी बनलेली नाहीत. यात दोष कुणाचा धरायचा यावर मोठी माणसं भांडतील, नळी मात्र गल्लीतच बदलली जाईल.

उस्तादांच्या मुलानं यावर आपल्यापुरता तोडगा काढलाय. सीट उचलायच्या आधी तो मोबाइलवर कंपनीची साइट उघडतो आणि चेसिस नंबर टाकतो. काही कंपन्यांना सुरुवातीची तीन अक्षरं सोडून पुढचे चौदा लागतात, तेही त्याला पाठ आहे. मध्यंतरी एक २०१९ ची गाडी आली. मिसिंग मारत होती, मालकानं पंपाचे पैसे मोजून आणले होते. नंबर टाकला तर रिकॉल बाकी. पोरानं हजारोंचं काम हातानं घालवलं आणि मालकाला संभाजीनगरला पाठवलं. उस्ताद दिवसभर पोराशी बोलले नाहीत.

चार दिवसांनी मालक पेढे घेऊन आला. पंप फुकट बदलून मिळाला होता, गाडी झकास पळत होती, फक्त मागच्या सीटखाली काहीतरी खडखडत होतं. उस्तादांनी सीट उचलली. झाकणाचे दोन स्क्रू लावायचे राहिले होते. त्यांनी डब्यातून दोन काढले, आवळले आणि पन्नास रुपये घेतले. मालक म्हणाला, "उस्ताद, दोन स्क्रूचे पन्नास?"

"स्क्रूचे दहा," उस्ताद म्हणाले. "चाळीस त्या पंपाचे, जो मी बसवला नाही."