एकच प्लग बदलू का?

"आठातला एकच ग्लो प्लग गेलाय, तेवढाच बदलतो." असं म्हणणारा माणूस थोड्याच दिवसांत पुन्हा विचारायला येतो. तेव्हा तीन प्लग गेलेले असतात. तेही बदलून झाले आणि पुन्हा दोन गेले, की त्याचा निकाल ठरलेला असतो : "हल्ली प्लगच चांगले येत नाहीत." प्लगांची बाजू मांडायला कोणी नाही, म्हणून हा लेख.

गाडी कोणती ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्या वायरिंगवर अवलंबून आहे. अमेरिकी लष्करासाठी जनरल मोटर्सने १९८०च्या दशकात 'सीयूसीव्ही' नावाच्या गाड्या बनवल्या. एम१००८ हा मालवाहू पिकअप, एम१००९ ही शेवरोले ब्लेझरवर बेतलेली बंद गाडी, एम१०१० ही रुग्णवाहिका. शोरूममध्ये मिळणाऱ्या शेवरोलेलाच लष्करी रंग आणि लष्करी वायरिंग, असा साधा हिशोब होता. लष्कराने निकालात काढल्यावर त्या लिलावात गेल्या. आज तिकडच्या शेतांवर, लाकूडतोड्यांकडे आणि हौशी लोकांच्या दारात त्या उभ्या दिसतात.

इंजिन ६.२ लिटरचं व्ही-८ डिझेल. यात इंधन थेट सिलिंडरमध्ये पडत नाही. हेडमध्ये बसवलेल्या छोट्याशा पूर्वकक्षात ते फवारलं जातं आणि तिथे पेट घेतं. थंड इंजिनात या कक्षाच्या भिंती दाबलेल्या हवेतली उष्णता शोषून घेतात, म्हणून प्रत्येक कक्षात एक ग्लो प्लग खुपसलेला असतो. आपल्याकडचे मिस्त्री यालाच हीटर प्लग म्हणतात. सिलिंडर आठ, प्लग आठ.

आता मुख्य मुद्दा. लष्कराला २४ व्होल्ट हवे होते : स्टार्टरसाठी, आणि एका लष्करी गाडीवरून दुसरी सुरू करण्याच्या नाटो सॉकेटसाठी. म्हणून बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. दिवे, हॉर्न वगैरे मात्र मूळ शेवरोलेचेच, १२ व्होल्टचे, आणि ग्लो प्लगही १२ व्होल्टचेच. या प्लगांना वीज दिली ती २४ व्होल्टवरून. मधले १२ व्होल्ट जिरवायला एअर क्लीनरच्या मागे, फायरवॉलवर एक रेझिस्टर बसवला. यामागे कारण होतं. सगळा भार एकाच बॅटरीवर टाकला असता, तर दोन्ही बॅटऱ्या सारख्या उतरल्या नसत्या.

रेझिस्टर किती व्होल्ट जिरवतो, हे त्याच्यातून किती प्रवाह जातो यावर ठरतं. आठही प्लग जिवंत असतील तर ठरल्याप्रमाणे प्रवाह जातो, निम्मे व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि निम्मे प्लगांवर. एक प्लग मेला की प्रवाह कमी झाला. प्रवाह कमी म्हणजे रेझिस्टर कमी जिरवणार, आणि जे जिरवलं नाही ते उरलेल्या प्लगांच्या वाट्याला येणार. प्लगांचा रोध स्थिर धरून कागदावर हिशोब करा : आठ असताना १२ व्होल्ट, सात असताना १२.८, सहा असताना १३.७, चारच उरले तर १६. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सोळा व्होल्टवर चालणारा प्लग नेमलेल्या शक्तीच्या पावणेदोनपटीहून जास्त शक्तीने तापतो. शेवटी एकटा उरलेल्या बिचाऱ्याला २१ व्होल्ट सोसावे लागतात. गणपतीच्या आराशीतल्या जुन्या माळेत गेलेला बल्ब काढून तिथे वायर पिळून टाकली, की बाकीचे बल्ब आधी झकास उजळतात आणि मग भराभर जातात. तोच प्रकार.

म्हणजे एक प्लग गेला हे कळेपर्यंत बाकीच्या सातांनी जास्त व्होल्ट खाल्लेले असतात. त्यांच्यात एक नवा घातला की व्होल्ट पुन्हा १२वर येतात, हे खरं. पण भाजून निघालेल्या सातांचं आयुष्य परत येत नाही. त्यांतला पुढचा जातो आणि त्याच्यामागून नव्याचीही भाजणी सुरू होते. 'नवा प्लग महिनाभरही टिकला नाही' या तक्रारीचं मूळ इथे आहे. दोष कंपनीचा नाही, चिनी मालाचा नाही, हवामानाचा तर नाहीच. आठ प्लग एकदम बदला. पैसे वाया जातात असं वाटतं त्यांनी आतापर्यंत सुटे किती आणले ते एकदा मोजावं.

ज्यांना हे पटत नाही ते मीटर घेऊन येतात. चांगली गोष्ट आहे. पण ते प्लगांच्या सगळ्या वायरी काढतात, एका मोकळ्या टोकाला मीटर लावतात आणि ओरडतात, "इथे तर २४ व्होल्ट येताहेत! रेझिस्टर गेला!" नाही हो. प्रवाहच नाही तर रेझिस्टर जिरवणार काय? मोकळ्या टोकाला २४ दिसणारच. आठही प्लग जोडलेले ठेवून, ते तापत असताना मोजा, तो आकडा खरा. या एका चुकीपायी लोकांनी शाबूत रेझिस्टर आणि प्लग किती वेळ तापवायचे ते ठरवणाऱ्या कंट्रोलरची कार्डं बदललेली आहेत. शंका असेल त्याने लष्कराचं देखभालीचं पुस्तक, टीएम ९-२३२०-२८९-२०, उघडून वायरिंगची आकृती पाहावी.

एकच प्लग बदलून चालेल अशीही परिस्थिती असते, हे सांगायलाच हवं. बऱ्याच मालकांनी रेझिस्टर वगळून प्लगांना पुढच्या बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दिलेले असतात. तिथे प्रत्येक प्लग स्वतंत्र. एक गेला तरी इतरांचे व्होल्ट वाढत नाहीत. पुढच्या बॅटरीवर भार जास्त येतो, पण या गाडीला दोन बॅटऱ्यांसाठी दोन अल्टरनेटर आहेत, त्यामुळे ती भरून निघते. माझ्या मते रोजच्या वापरातल्या गाडीला हा बदल करून घ्यावा. लष्कराच्या अटी लष्कराबरोबर गेल्या, आता कोणी त्या गाडीवरून रणगाडा सुरू करणार नाही. मात्र सेकंडहँड गाडी घेताना आधीच्या मालकाच्या सांगण्यावर जाऊ नका. जाड वायर कुठून निघून कुठे जाते ते बोटाने माग काढत पाहा. अर्धवट केलेला बदल हा न केलेल्यापेक्षा वाईट.

आठही नवे घातले, व्होल्ट बरोबर आहेत, आणि तरी सगळे एकदम जळाले? मग रिले पाहा. ग्लो प्लगच्या रिलेतून शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. कधीतरी त्याचे संपर्क एकमेकांना चिकटतात आणि प्लग चालू राहतात : इंजिन सुरू झालं तरी, गाडी महामार्गावर पळत असली तरी. जुन्या बनावटीचे प्लग असे काही मिनिटं चालू राहिले की त्यांची टोकं फुगतात. चावी बंद करून रिलेच्या बाहेरच्या टोकाला व्होल्ट आहेत का पाहायला एक मिनिट लागतं. नवे प्लग आणण्याआधी ते एक मिनिट द्या.

फुगलेलं टोक ही मालकाची खरी परीक्षा. प्लगचे आटे सुटतात, पण टोक भोकातून बाहेर येत नाही. इथे पक्कड लावून हिसका दिला की टोक तुटून पूर्वकक्षात पडतं. तशात इंजिन फिरवलं तर त्याचे तुकडे कुठे जातील याचा नेम नाही. इंजेक्टर काढून त्या वाटेने टोक बाहेर काढता आलं तर नशीब, नाहीतर हेड उतरवा. म्हणून आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, इंजिन कोमट असताना काम करा, प्लग मागेपुढे थोडाथोडा फिरवत सोडवा. अडकलेल्या प्लगवर आट्याने बसून तो सरळ ओढणारं हत्यार मिळतं, ते वापरा. उजव्या बाजूच्या प्लगांपर्यंत वरून हात पोचत नाही म्हणून शिव्या घालण्यापेक्षा पुढचं उजवं चाक काढून बाजूने जा.

नवे घेताना आपोआप नियंत्रित होणारे घ्या. या इंजिनासाठी एसी डेल्कोचा ६०जी हा त्यांतला सगळ्यांच्या परिचयाचा. त्यात दुसरं वेटोळं असतं, ते तापलं की त्याचा रोध वाढतो आणि प्लग स्वतःच प्रवाह आवरतो. टोक फुगत नाही. पण 'मग आता रिले चिकटला तरी काय बिघडतं' हे म्हणणं काही खरं नाही. सहनशक्ती जास्त आहे म्हणून छळ करावा असा नियम नाही.

आता बाकीचे गैरसमज. यांना फार जागा द्यायची गरज नाही.

'गाडी २४ व्होल्टची, म्हणून प्लग २४ व्होल्टचे हवेत.' रेझिस्टरमागे तसे प्लग लावलेत तर ते धड तापणारच नाहीत.

'डॅशबोर्डवरचा वेट दिवा लागून विझला, म्हणजे प्लग ठीक.' तो दिवा तापवण्याचा वेळ दाखवतो. आठांतले सहा मेलेले असले तरी तो तितक्याच इमानाने लागतो आणि विझतो. प्लगची वायर काढून प्लग आणि इंजिनाचं लोखंड यांच्यामध्ये रोध मोजा : एक-दोन ओहमच्या आत असेल तर तो जोडलेला आहे, मीटर काहीच दाखवत नसेल तर मेलेला.

'कंट्रोलरच्या कार्डाऐवजी बटण बसवलंय, जितका वेळ दाबू तितकं चांगलं.' जुन्या प्लगांवर हा प्रयोग केलेल्यांनी वरचा फुगलेल्या टोकांचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

'उन्हाळ्यात प्लग लागत नाहीत.' पूर्वकक्षाच्या इंजिनाला उबदार सकाळीही लागतात. थेट फवारणीच्या इंजिनांचा अनुभव इथे लावू नका.

'सगळ्या लष्करी डिझेल गाड्यांना ग्लो प्लग असतात.' अडीच टनी एम३५ए२च्या मल्टिफ्युएल इंजिनात एकही नाही. थंडीत तिथे हवेच्या वाटेत ज्योत पेटवणारा हीटर असतो.

'इंजिन गरम असूनही सुरू होत नाही, प्लग बदलावे लागणार.' गरम इंजिनाला प्लगांची गरज जवळजवळ नसतेच. इंधनाच्या वाटेत हवा शिरते का ते पाहा. या इंजिनांवरचे इंजेक्टरमधून परत येणाऱ्या इंधनाचे छोटे रबरी पाइप म्हातारे होऊन चिरतात, रात्रभरात डिझेल मागे उतरतं, आणि सकाळच्या त्रासाचं खापर प्लगांच्या डोक्यावर फुटतं. बॅटऱ्या अशक्त असल्या आणि स्टार्टर रडत फिरला, तरी आळ प्लगांवरच.

आणि शेवटचा, ज्याच्यापुढे माझी सहनशक्ती संपते : 'प्लग गेलेत तर काय, ईथरचा स्प्रे मारू.' ईथर साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला स्वतःहून पेटतो, डिझेलपेक्षा बरंच आधी. तापलेल्या प्लगचं टोक सात-आठशे अंशांवर गेलेलं असतं. पिस्टन वर येत असतानाच भडका उडाला की रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो. आठातले सहा प्लग मेले आहेत या भरवशावर स्प्रे मारणाऱ्याला उरलेले दोन पुरे होतात. ज्या गाडीत ग्लो प्लग जोडलेले आहेत तिच्यात ईथर नको. किती थंडी आहे, कामावर किती उशीर झाला आहे, शेजारी काय म्हणतो, यांपैकी कशानेही यात फरक पडत नाही.

तेव्हा प्लग मागवण्याआधी एवढं करा : आठही जोडलेले असताना, तापत असताना व्होल्ट मोजा आणि चावी बंद केल्यावर रिले सुटतो का पाहा. ही दोन उत्तरं हाती असल्याशिवाय 'प्लग कोणते घेऊ' असं विचारायला येऊ नका.