तारेतला बिघाड आणि पेटीतली पत्रे

घरातील एखादी वस्तू चालेनाशी झाली म्हणजे बिघाड नेमका कोठे आहे हे पाहण्यापूर्वीच ती टाकून देण्याची आपल्याला घाई होते. दिवा लागला नाही तर आपण निदान शेजारी वीज आहे की नाही हे डोकावून पाहतो. संगणकाच्या बाबतीत मात्र एवढेही भान राहत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेजारी घडलेला एक प्रसंग याच कारणाने वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

बेळगावात आमच्या गल्लीत एक वृद्ध काकू राहतात. त्यांचे यजमान टपाल खात्यातून निवृत्त झाले होते. मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेस गेला, तेव्हा त्याच्याशी पत्रव्यवहार करता यावा म्हणून त्यांनी २००० साली घरी संगणक घेतला व दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेटची जोडणी करून घेतली. २००८ साली ते निवर्तले. पुढे काकूंनी तारेचा दूरध्वनीही परत केला. संगणक मात्र अभ्रा घालून कोपऱ्यात तसाच होता. सुट्टीत एके सकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, भंगारवाला रविवारी यायचा आहे. त्याआधी एकदा बघा की. मुलाची पत्रं आत अडकली आहेत. उघडायला गेलं की फोन लागत नाही म्हणून सांगतंय."

आम्ही काही संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु त्या काळात शाळेच्या व घरच्या संगणकाशी झटापट करण्यात आमच्या अनेक रात्री गेल्या असल्यामुळे या रोगाची नाडी आम्हांस थोडीफार ठाऊक होती.

तरुण वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या वतीने. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली आणि हे वारे मोठ्या शहरांबाहेर वाहू लागले. दूरध्वनीची तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्येचे स्वर ती वाहून नेई. संगणकाची भाषा तर निव्वळ आकड्यांची. त्या आकड्यांचे स्वरांत आणि पलीकडून येणाऱ्या स्वरांचे पुन्हा आकड्यांत रूपांतर करणारा दुभाषा म्हणजे मोडेम. जोडणी होताना जी किंचाळी व खरखर ऐकू येई, ती या दोन टोकांच्या दुभाषांची परस्परांशी चाललेली बोलणी असे. १९९८ साली ठरलेल्या मानकाप्रमाणे त्याचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट, म्हणजे अवघे ७ किलोबाइट. एक मेगाबाइटचे छायाचित्र उतरण्यास, सारे सुरळीत असतानासुद्धा, सुमारे अडीच मिनिटे लागत.

सारे सुरळीत मात्र क्वचितच असे. अशा वेळी आमचा नियम एकच होता : बाहेरून आत यावे, प्रथम तार, मग मोडेम, मग संगणक आणि शेवटी परवलीचा शब्द.

तारेची परीक्षा अगदी सोपी. मोडेमची तार काढून तेथे साधा दूरध्वनी जोडावा व कानाला लावावा. आवाजच नसेल तर संगणकाशी भांडण्यात अर्थ नाही. आवाज आहे पण खरखर आहे, तर बहुधा तारेच्या सांध्यांत पाणी शिरलेले असे. बेळगावच्या पावसाळ्यात हा अनुभव आम्ही अनेकदा घेतला. बोलताना खरखर चालून जाते, कारण अर्धे ऐकून उरलेले आपण समजून घेतो. मोडेमला ती मुभा नाही. माजघरात समांतर जोडलेला दुसरा दूरध्वनी कोणी उचलला की जोडणी तुटे. 'कॉल वेटिंग'ची सोय घेतली असेल तर तिच्या टुकटुक आवाजानेही तेच होई. मोडेमला दोन खाचा असत, एक भिंतीकडून येणाऱ्या तारेची व दुसरी दूरध्वनी संचाची. साफसफाईनंतर या तारांची अदलाबदल झाल्यामुळे कित्येकांनी कारागिराला विनाकारण बोलावलेले आम्ही पाहिले आहे.

पुढे मोडेम. तो बाहेर ठेवायचा असेल तर त्याचे दिवे पाहावेत आणि एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. जुन्या संगणकांत आणखी एक गंमत असे. पहिले व तिसरे कॉम पोर्ट एकाच अंतर्गत वाटेने संगणकाला हाक मारीत. दुसरे व चौथेही तसेच. माउस पहिल्यावर आणि मोडेम तिसऱ्यावर असला, की मोडेमने क्रमांक फिरविताच माउस गोठून जाई. दोष दोघांपैकी कोणाचाच नसे. एकाला दुसऱ्या पोर्टवर हलविले की काम होई.

त्यानंतर पडद्यावरचा संदेश. विंडोज ९८ मध्ये हे संदेश क्रमांकासह येत आणि लोक ते न वाचताच पुसून टाकीत. वास्तविक निदान तेथेच लिहिलेले असे. ६८० म्हणजे तारेवर डायल टोन नाही. ६७६ म्हणजे पलीकडची तार गुंतलेली आहे. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. ६९१ म्हणजे नाव वा परवलीचा शब्द चुकला. अशा वेळी 'कॅप्स लॉक'ची कळ चुकून दाबलेली नाही ना, हे आधी पाहावे. काही ठिकाणी कानाला टोन ऐकू येई, पण परदेशी बनावटीच्या मोडेमला तो ओळखता येत नसे. तेथे 'डायल टोनची वाट पाहा' या वाक्यापुढील खूण काढली की काम भागे. जोडणी होऊनही पाने उघडत नसतील, तर 'वर्क ऑफलाइन'वर खूण राहून गेली आहे काय, हे पाहावे लागे.

आता काकूंच्या घरी परत येऊ. संगणक सुरू झाला. आतील लहान बॅटरी संपल्यामुळे त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते, एवढेच. काकूंनी पत्रांची खूण दाबली. आउटलुक एक्स्प्रेस उघडताच त्याने सवयीने क्रमांक फिरविण्याचा प्रयत्न केला आणि संदेश आला : क्रमांक ६८०. "हेच बघा. दर वेळी हेच," असे म्हणून काकूंनी सारेच बंद केले.

दूरध्वनीच परत केलेला, तेव्हा टोन येणार कोठून? संगणक खरे तेच सांगत होता. काकूंची समजूत मात्र अशी, की फोन लागल्याखेरीज पत्रे दिसायचीच नाहीत. वास्तविक या जोडणीत पत्रे एकदा उतरली की घरच्याच संगणकात साठत. पोस्टमनने पत्र आणून दिल्यावर ते वाचण्यासाठी टपाल कचेरी उघडी असावी लागत नाही, तसेच हे. आम्ही तो संदेश पुसला, जोडणीविना काम करण्याचा पर्याय निवडला आणि आलेल्या पत्रांची पेटी उघडली. मुलाची सारी पत्रे ओळीने उभी होती. विंडोज ९८ ला देवनागरी धडपणे ठाऊक नसल्यामुळे ती रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीत होती.

काकू वाचीत बसल्या. आमची नजर खालच्या 'सेंट आयटम्स' या कप्प्याकडे गेली. "काकू, यात पाठवलेल्या पत्रांच्या प्रती राहतात," असे आम्ही म्हणालो आणि तो उघडला. त्यात यजमानांनी मुलाला लिहिलेली उत्तरे होती. ती काकूंनी कधीच वाचलेली नव्हती. पहिल्याच पत्रात आईच्या गुडघेदुखीची चौकशी करणाऱ्या मुलाला त्यांनी लिहिले होते, की ती कळ सोसते आणि आपल्याला सांगत नाही, आपणही पाहिले न पाहिलेसे करतो, पण पहाटेचे पाणी हल्ली आपणच भरतो. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, ह्यांना झोपच लागत नाही म्हणून उठतात."

त्या रविवारी भंगारवाला आला आणि रिकाम्या हाताने गेला. पुढे एका जाणत्या कारागिराकडून त्या संगणकाची हार्ड डिस्क काढवून, ती नव्या संगणकाला जोडून पत्रांच्या साऱ्या फायली उतरवून घेतल्या. विंडोज ९८ साधा पेनड्राइव्ह वेगळ्या सोयीखेरीज ओळखत नाही. म्हणून हा मार्ग. आता ती पत्रे कागदावर छापून काकूंच्या कपाटात आहेत.

तारेवरून क्रमांक फिरवून जोडले जाण्याचा तो काळ सरला. अमेरिकेतील एओएल या जुन्या कंपनीनेही आपली ही सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. जुन्या संगणकाला आज कशीबशी जोडणी मिळवून दिली, तरी हल्लीच्या बहुतेक संकेतस्थळांची सांकेतिक कुलुपे त्याला उघडता येत नाहीत. म्हणून जोडणीचा नाद सोडावा, हे बरे. परंतु आपणां बाहेरप्रांती राहणाऱ्या कुटुंबांत मुले दूर गेलेली घरे थोडी नाहीत, आणि त्या आठ-दहा वर्षांतला पत्रव्यवहार बहुतेकांनी कागदावर उतरविलेला नाही. माळ्यावर वा कोपऱ्यात असा संगणक असेल, तर तो देऊन टाकण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून त्याची डिस्क एकदा तपासून घ्यावी. आणि तपासताना आलेल्या पत्रांबरोबर पाठविलेल्या पत्रांचा कप्पाही अवश्य उघडावा.